धबधब्याच्या वाटेचे बूट

१२ फेब्रुवारी

चिरंजीव जावईबापूंस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. ठीक म्हणजे उठतो, खातो, झोपतो आणि कुणी विचारलं तर ठीक म्हणतो. तूही तिकडे तसाच असशील असं धरून चालते.

तुझ्या बुटांचं पार्सल परवा मिळालं. काय रे ही दशा! लिफ्ट दुरुस्त करतोस की लाथा घालून चालू करतोस? सोल पार कागदासारखे झालेत. नवे लावते. उजवी टाच आतल्या बाजूनं जास्त झिजते तुझी, तिथे एक पट्टी घालीन. नाड्या मात्र या वेळी छान ओवल्या आहेत, अगदी वरच्या भोकांपर्यंत. असो.

सोबतच्या चिठ्ठीत तू 'मावशी' लिहिलं आहेस. दुकानात नुसता गिऱ्हाईक म्हणून यायचास तेव्हा मावशी म्हणायचास. माझ्या मुलीशी लग्न केल्यावर आई म्हणायला लागलास. आता परत मावशी. मी काही बोलत नाही, वाचलं एवढंच कळवते.

आता कामाचं. आपल्याला धबधब्याला जायचं आहे.

कोणता म्हणून विचारू नकोस. बिट्टीनं तिच्या कामाच्या प्रयोगशाळेतल्या कॅलेंडरचं पान फाडून आणलं होतं तोच. वर दाट झाडी, खाली काळा खडक, मध्ये पाण्याची बारीक धार आणि पुढे लगेच समुद्र. "आई, तू सगळ्या गावाला चालवतेस आणि स्वतः दुकानाच्या उंबऱ्याबाहेर पडत नाहीस," म्हणायची. आपण चौघांनी जायचं ठरवलं होतं. मग तिला ताप आला, आणि पुढचं तुला माहीत आहे. त्यालाही वर्ष होऊन गेलं.

हे पान आमच्या स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. गेल्या आठवड्यात ह्यांनी ते काढलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं नकाशा काढायला बसले. मी चहा ठेवला, तो थंड झाला, तरी ह्यांची मान वर नाही. जन्मभर बस चालवलेला माणूस, त्यामुळे नकाशात एक झाड नाही. सगळे थांबे. 'थांबा: दीपगृह, बस सोडणे.' 'थांबा: ओढा, पाणी पिणे.' 'थांबा: हिचे गुडघे.' मी म्हटलं, माझे गुडघे नेमके तिथेच बोलतील हे तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, "चढ आहे तिथे." एवढंच बोलले. पण बोलले. बिट्टी गेल्यापासून ह्या माणसानं स्वतःहून हातात घेतलेली ही पहिली गोष्ट, म्हणून मी हो म्हणून टाकलं.

वाट अशी आहे. शेवटच्या थांब्यावर, जुन्या दीपगृहापाशी उतरायचं. तिथून कड्याच्या कडेकडेनं जायचं, मग पायवाट झाडीत शिरते आणि उतरायला लागते. मध्ये ओढा आहे, पूल नाही, दगडांवरून पलीकडे जायचं. पुढे परत थोडा चढ, मग उतार, आणि शेवटचा तुकडा समुद्राकाठच्या खडकांवरून. तो फक्त ओहोटीला मोकळा असतो. भरती आली की वाट पाण्याखाली जाते, म्हणून तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. माहितीपत्रकात चाल 'मध्यम' लिहिली आहे. म्हणजे तुझ्यासारख्याला फिरायला गेल्यासारखी आणि मला दमछाक. हे धक्क्यावर जाऊन मासेवाल्यांना भरती-ओहोटी विचारून आले आहेत. मार्चचा शेवटचा रविवार चांगला आहे, भर दुपारी ओहोटी.

मला स्वतःला जावंसं वाटतं का? खरं सांगू, मला काही वाटतच नाही. जावंसंही वाटत नाही आणि जाऊ नयेसंही वाटत नाही. मागे हातोडी बोटावर बसली. कातड्यावर लाल डाग दिसला तेव्हा कळलं की बोट फुटलंय. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, म्हणाले, बोट काही बधिर झालेलं नाही. शेजारणी विचारतात, रडतेस का गं? मी हो म्हणते. नाही म्हटलं की त्या घाबरतात.

तर तू यायचं आहेस. आढेवेढे नकोत. तू आला नाहीस तर हे पान परत कपाटाच्या दाराला चिकटवतील आणि पुन्हा गप्प बसतील. आणि दुसरं म्हणजे, या वेळी आला नाहीस तर तू परत कधी येणारच नाहीस असं माझं मन सांगतं. मग बूटही तिकडेच कुणाकडून तरी दुरुस्त करून घेशील. मुलगी गेली ती गेली. जावईही असा हळूहळू जाऊ द्यायचा का, एवढाच प्रश्न आहे.

बूट तयार होतील, पण टपालानं पाठवणार नाही. येऊन घेऊन जा.

तुझी मावशी
(तूच लिहिलंस म्हणून)


२४ फेब्रुवारी

चिरंजीव,

आशीर्वाद. पत्र पोचलं. तब्येत बरी आहे ते वाचून बरं वाटलं. बरं वाटलं असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, पण खोटंही नाही.

महिनाअखेरीला एका मोठ्या इमारतीच्या लिफ्टचं काम आहे, सुटी मिळणार नाही, तुम्ही दोघं जाऊन या. असं लिहिलंस. आणि बूट मात्र पाठवून द्या म्हणे! वा रे वा. बूट माझ्याकडे ओलीस आहेत, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही.

ह्यांना मी पत्र वाचून दाखवलं. हे उठले. पायात चपला घातल्या आणि बसच्या थांब्यावर जाऊन आले. परत येऊन म्हणाले, "सकाळची गाडी आता पाच मिनिटं उशिरा सुटते." नकाशावर तेवढी दुरुस्ती केली. म्हणजे तुझं 'नाही' त्यांनी ऐकलंच नाही. मी ऐकलं.

तुला एक गोष्ट सांगते. कुणाला सांगितलेली नाही, ह्यांनासुद्धा नाही.

शाळेच्या मोठ्या बाईंनी माझ्याकडे बूट करायला टाकले होते. त्यांचा पाय मला पाठ आहे, अरुंद, हाडं वर आलेली. त्यांचा फर्मा फळीवर आहे. फर्मा म्हणजे ज्यावर बूट बेततो तो पायाचा साचा, तुला माहीतच आहे, बिट्टी असल्या फर्म्यांना 'लाकडी पाय' म्हणायची आणि लहानपणी त्यांना झोपवून वर फडकं पांघरायची. तर मी फळीवरून फर्मे काढले आणि कामाला लागले. आणि काय सांगू, कितीतरी दिवसांत हाताला असं काम झालं नव्हतं. शिलाई सरळ, कातडं कुठे सुरकुतलं नाही, टाच अशी बसली की बघत राहावं. मला वाटलं, चला, निदान हात तरी परत ताळ्यावर आले.

मोठ्या बाई बूट घालून गेल्या. पुढचे कित्येक दिवस घालत राहिल्या. मग एक दिवस सकाळी दुकानात आल्या आणि बसूनच राहिल्या. कामाचं काही बोलेनात. शेवटी मी म्हटलं, बाई, काय झालं? त्यांनी मोजा खाली केला. टाच सोलवटलेली, पट्टी चिकटवलेली. "पुढे सैल होतात आणि मागे चावतात हो," म्हणाल्या, "पण तुम्हाला कसं सांगायचं ते कळेना."

मी बुटात हात घातला. डाव्या पायाच्या करंगळीपाशी माझं बोट एका खळग्यात गेलं.

बिट्टीची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. तिच्या फर्म्यावर तिथे मी कातड्याचा तुकडा चिकटवून उंचवटा केलेला आहे, बोटाला जागा राहावी म्हणून. मी मोठ्या बाईंचे बूट बिट्टीच्या पायावर केले होते. फर्म्यावर नाव असतं, ठसठशीत लिहिलेलं. ते नाव रोज हाताखाली होतं आणि मला दिसलं नाही. की दिसलं, काय माहीत.

बाईंना म्हटलं, माझं चुकलं, दुसरे करून देते. त्या म्हणाल्या, राहू द्या हो, सैल होतील वापरून. मी त्यांच्यावर खेकसले. म्हटलं, नाही होणार सैल! दुसऱ्याच्या पायाचे बूट जन्मभर घातले तरी आपले होत नाहीत.  गावात सगळ्यांनी ठरवून टाकलंय की हिला काही बोलायचं नाही. गळका सोल लावून दिला तरी ओल्या मोज्यांनी 'छान झालंय' म्हणत घरी जातात. एकदा कुणीतरी माझ्यावर चांगलं ओरडावं असं मला वाटतं.

हे सगळं कशाला लिहिलं? कारण तूही मला तसंच सांभाळून बोलतो आहेस असा मला संशय आहे.

तुझ्या बुटांच्या नाड्या. तू आळशी माणूस, वरची भोकं नेहमी सोडून द्यायचास, त्यावरून बिट्टी तुझ्याशी कचाकचा भांडायची. ह्या नाड्या सगळ्या भोकांतून ओवल्या आहेत, दोन्हीकडे सारख्या. टोकं सुटू नयेत म्हणून मेणबत्तीवर धरून वितळवली आहेत. हे तुझं काम नव्हे. बूट हातात आले त्याच क्षणी मी ओळखलं होतं, पण मागच्या पत्रात 'असो' लिहून सोडून दिलं.

नाड्या कुणी ओवल्या रे?

लिफ्टचं काम-बिम राहू दे बाजूला. ह्याचं उत्तर लिही.

बिट्टीची आई


९ मार्च

बाळा,

तुझं पत्र काल आलं. या वेळी वर काहीच लिहिलं नाहीस. मावशी नाही, आई नाही, तारीख आणि थेट मजकूर. कितीदा लिहून खोडलं असशील ते कागद खरवडलाय त्यावरून दिसतं.

तर ती लिफ्टमध्ये अडकली होती, तू तिला बाहेर काढलंस. आणि मग महिन्याभरात तीच लिफ्ट तीनदा बंद पडली. लिफ्ट बिघडत होती की कुणी बिघडवत होतं, हे मी विचारत नाही. ती दाताच्या दवाखान्यात काम करते. शांत आहे. तुझ्या घरी आली तेव्हा दारातले बूट बघून तिनं नाड्या काढल्या आणि नीट ओवल्या. बिट्टीबद्दल तिला सगळं माहीत आहे. तुम्ही लग्न करायचं म्हणता. आणि म्हणून तू येणार नाहीस, कारण 'कोणत्या तोंडानं येऊ?'

हे एवढं सांगायला तुला इतके महिने लागले! मला वाटलं होतं त्याहून तू भित्रा निघालास.

आता मला काय वाटलं ते लिहिते. सासवा लिहितात तसं गोड लिहिणार नाही. पत्र वाचलं, घडी घातली, ॲप्रनच्या खिशात ठेवलं आणि काम करत बसले. काही वाटलं नाही. मला वाटलं, चला, हेही आत गेलं, बाकीच्यासारखं. तुझेच बूट हातात होते, टाचेच्या पट्टीचा शेवटचा खिळा ठोकायचा होता. हातोडी अंगठ्यावर बसली.

आणि दुखलं रे. असं दुखलं की मी किंचाळले. हातोडी भिरकावली, ती फळीवर जाऊन आदळली, दोन फर्मे खाली आले. हे आतून धावत आले. मी तुला शिव्या घालत होते. नावानिशी. म्हटलं, मेल्याला माझी पोरगी विसरायला वर्ष पुरलं! त्या बाईलाही बोलले, तिचं काही चुकलेलं नसताना. ते तिला सांगू नकोस. हे दारातच उभे राहिले. मला थांबवलं नाही. मी पुष्कळ वेळ रडले. मग अंगठा गार पाण्यात धरला. ह्यांनी विचारलं, "फार लागलं का?" मी हो म्हटलं. ते खरं होतं.

मग त्यांना पत्र वाचून दाखवलं. ते खाली पडलेले फर्मे उचलून फळीवर लावत होते. वाचून झालं तरी पाठमोरेच. मला धास्ती वाटली, आता हे पान कपाटाला चिकटवणार. तर म्हणाले, "म्हणजे चौघं."

मी म्हटलं, काय?

"चौघं असतील तर परतीची सव्वातीनची गाडी नको. तिला गर्दी असते, एकत्र बसायला मिळायचं नाही. पुढची घेऊ." आणि पेन्सिल शोधायला गेले.

झालं. आमच्या घरातली चर्चा संपली.

तू तोंडाचं विचारतोस. तुझ्या तोंडाशी मला काही कर्तव्य नाही, पूर्वीही नव्हतं. मी पायांवर पोट भरणारी बाई आहे. तुम्ही दोघांनी यायचं. पण तू लिहितोस, तिच्याकडे चालण्याजोगे बूट नाहीत, आणि आलोच समजा तर बिट्टीचे घरात आहेत, नंबर एकच आहे, तुम्हाला चालेल का?

नाही. चालणार नाही. रागानं नाही सांगत. तिला ते बूट घालायला देऊ नकोस. नंबर एक असून काही होत नाही, मोठ्या बाईंचाही नंबर तोच आहे. ती शांत आहे म्हणतोस ना, म्हणजे पाय सोलवटला तरी बोलणार नाही. ओढ्यापर्यंत चालेल, खडकांपर्यंत चालेल, हसत राहील, आणि टाचेतून रक्त येत असेल. मी ते एकदा करून चुकले आहे. परत करायचं नाही. बिट्टीचे बूट तुझ्याकडेच राहू देत, वर्षातून एकदा तेल लाव, नाहीतर कातडं तडकतं.

तुझे बूट या पत्रासोबतच पाठवते आहे. ओलीस ठेवून माणसं येत नसतात. आता तुझ्यावर कसलीही अडवणूक नाही. बूट घालून तुला जिकडे जायचं तिकडे जा. इकडे यायचं असेल तर पुढचं वाच.

एक मोठा कागद घे. गुळगुळीत फरशीवर ठेव, गालिच्यावर नको. तिला त्यावर अनवाणी उभं कर. खुर्चीत बसवून माप घेऊ नकोस, उभं राहिल्यावर पाय पसरतो, आपल्याला पसरलेला पाय हवा. वजन दोन्ही पायांवर सारखं. पेन्सिल सरळ उभी धर आणि पायाच्या कडेनं फिरव. तिरकी धरलीस तर माप खोटं येतं. गुदगुल्या होतील, हसू दे तिला, तू हात हलवू नकोस. मग चवड्याभोवती आणि घोट्याजवळ दोरा गुंडाळून मोजायचं, ते आकडे कागदावरच लिहायचे. दोन्ही पायांचं घे, कुणाचेही दोन पाय सारखे नसतात. एखादं बोट चढलेलं असेल, कुठे हाड वर असेल, दुखत असेल, तर तिथे फुली कर. आणि तिला म्हणावं, लपवू नकोस, ही म्हातारी सगळं बघून बसलेली आहे.

कागद या आठवड्यात टपालात पडला तर बूट त्या रविवारच्या आत होतात. दोन दिवस तिनं घरात घालून फिरायला हवेत, म्हणून तुम्ही शुक्रवारीच या. झोपायची व्यवस्था होईल. ह्यांनी आतल्या खोलीतलं सामान आवरायला घेतलं आहे. बिट्टीची खोली म्हणायचो ती. तूर्तास मी तिकडे जात नाही, ते करताहेत ते बरं आहे.

तिच्याशी मी लगेच गोड बोलेन असं धरून चालू नकोस. कदाचित दिवसभर बोलणारच नाही. वाटेत मला मध्येच रडू येईल, आलं तर तुम्ही पुढे चालत राहा, मी मागून येईन. ओढ्यात मात्र हात धरायला कुणीतरी थांबा. धबधब्यापाशी काय करायचं ते मला माहीत नाही. बिट्टीलाही माहीत नव्हतं, तिला नुसतं बघायचं होतं. भरती यायच्या आत परत फिरायचं, हे मात्र नक्की.

बिट्टीचा फर्मा फळीवरून काढणार नाही. तिच्या शेजारी मोठ्या बाईंचा होता, तो आता दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलाय, पुन्हा घोटाळा नको म्हणून. तेवढी जागा रिकामी आहे. तिथे नवा फर्मा बसेल. माझ्या दुकानात फर्म्यावर नाव लिहिल्याशिवाय तो फळीवर जात नाही, तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात तिचं नाव लिही. सबंध पत्रात तू तिला नुसतं 'ती' म्हटलं आहेस.

वाट पाहते. काहीही म्हणून हाक मार, ओ देईन.

आई